हळदीचा खोकला

“रगात! आई, मावशीच्या तोंडातनं रगात आलं!”

हातातलं सूप टाकून वैजू वखारीच्या दाराकडं पळाली. सुपातली हळकुंडं भुईभर झाली. दाराशी गंगूमावशी तंबाखूची पिंक टाकून पदरानं तोंड पुसत होती, आणि आपल्याला काय झालंय हे तिचं तिलाच कळेना. पायरीवर लालभडक पिंक पडली होती.

“ए बावळे, थांब तिथंच!”

हा माझ्या थोरल्या बहिणीचा, शेवंताक्काचा आवाज. वखारीत हळद पॉलिश करायचा ड्रम फिरायला लागला की शेजारच्या बाईचं बोलणं ऐकू यायचं नाही, पण आक्काची हाक ड्रमच्या वरनं जायची आणि रस्त्यापलीकडच्या चहावाल्याला दोन चहा जास्त सांगून यायची. हळद निवडणाऱ्या आम्हा सगळ्या बायकांची ती मुकादम होती. वैजू तिची एकुलती एक लेक. त्या दिवशी पहिल्यांदाच कामाला आली होती.

आक्कानं लेकीच्या दंडाला धरून तिला परत आणलं. आपल्या तळहातावर चिमूटभर हळदीची धूळ घेतली, पाण्याचा थेंब टाकला, आणि गंगूमावशीच्या डबीतला चुना बोटानं घेऊन त्यात कालवला. बघता बघता हळद लाल झाली.

“हे बघ. माझ्या हाताला रगात आलंय व्हय?”

मग आक्कानं जेवणाच्या डब्यातली लिंबाची फोड काढून तळहातावर पिळली. लाल होतं ते पुन्हा पिवळं झालं.

“चुना लागला की लाल, लिंबू लागलं की पिवळं. आपल्या सगळ्यांच्या नाकातोंडात हळद, हिच्या तोंडात चुना, मग पिंक काय हिरवी पडणार? खरं रगात असतं तर त्यानं लिंबाला भीक घातली नसती. कळलं? उचल ती हळकुंडं. आणि गंगे, परत पायरीवर थुंकलीस तर उद्यापास्नं तुलाच पायरीवर बसवीन.”

बायका पोट धरून हसल्या. वैजूही हसली. तीच फोड आक्कानं दुपारी आमटीत पुन्हा पिळून घेतली, कारण काही वाया घालवणं तिला ठाऊकच नव्हतं.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. वखार गेली, तिथं गाळे उभे राहिले. पण आक्काचा तो आधी लाल आणि मग पिवळा झालेला तळहात माझ्या डोळ्यांपुढनं हलत नाही.

आक्काचा नवरा वैजू रांगत होती तेव्हाच गेला. मला नवऱ्यानं नांदवलं नाही. मग आम्ही दोघी बहिणी आणि वैजू, अशा तिघी सांगलीत एका पत्र्याच्या घरात राहायचो आणि हळदीच्या पेठेत कामाला जायचो. घरात आक्का म्हणेल ती पूर्व. मी हौसा, तिच्या पाठची, तिच्यापुढं तोंड उघडायची ते फक्त जांभई द्यायला.

हंगाम सुरू झाला की वखारीत हवा पिवळी व्हायची. केसात हळद, पापण्यांवर हळद, चहात हळद. सगळ्या बायका खोकायच्या. त्याला आमच्यात ‘हळदीचा खोकला’ म्हणायचे आणि त्याच्याकडं कुणी बघायचं नाही. हंगाम सरला की तो जायचा. हळद बाधते असं कुणी म्हटलं असतं तर आम्ही त्यालाच वेड्यात काढलं असतं. जखमेवर आम्ही हळद दाबतो, सर्दीला हळदीचं दूध पितो, लेकीच्या लग्नात तिला हळदीनं माखतो. तीच हळद कुणाचं वाईट कशाला करेल?

त्या वर्षी हंगाम संपला, बायकांचे खोकले गेले, आणि आक्काचा राहिला.

गणपती आले, तेव्हा ती आरतीला मागं उभी राहिली. एरवी पुढं उभी राहून सगळ्या गल्लीला ओढत नेणारी बाई. मी म्हटलं, काय गं? तर गळ्याला हात लावून म्हणाली, “बसलाय जरा.” तो बसलेला आवाज दसऱ्यापर्यंत उठला नाही. आधी संध्याकाळी घोगरा व्हायचा, मग सकाळपासूनच घोगरा, मग नुसता वारा. दिवाळीनंतर ती बायकांना हाक मारायला पत्र्याच्या डब्यावर दगड वाजवायला लागली. बायकांना त्याचंही हसू आलं. मला नाही आलं.

काय नाही केलं मी! ज्येष्ठमध उगाळून दिला. अडुळशाच्या पानांचा रस मधातनं दिला. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, लवंग, आल्याचा काढा, आणि अर्थात रोज रात्रीचं हळदीचं दूध. औषधांच्या दुकानातनं खोकल्याची बाटली आणली, ती संपली म्हणून दुसरी आणली. गल्लीतल्या कंपाउंडरनं सुई टोचली. एक-दोन दिवस बरं वाटायचं आणि पुन्हा तेच. रात्रीची पाठ टेकली की खोकला, पहाटे उठली की खोकला. चोळी अंगावर लोंबायला लागली. संध्याकाळी हात धरला तर कढत लागायचा. भाकरी गिळताना डोळे मिटून घ्यायची, म्हणून मी ती दुधात कुस्करून द्यायला लागले.

“आक्का, मोठ्या डॉक्टरला दाखवू या.”

“काय सांगू त्याला? खोकला येतोय म्हणून? त्यो हंगामात गंगीलाबी येतोय.”

“गंगीचा जातोय. तुझा कुठं जातोय?”

“जाईल. एवढा येता हंगाम हुं दे.”

आणि नवा हंगाम सुरू झालाच. वखारीत पुन्हा सगळ्या खोकायला लागल्या. त्या खोकण्यात आक्काचं खोकणं असं मिसळून गेलं की जगाच्या दृष्टीनं ती आता आजारी राहिलीच नाही. मला त्या हंगामाचा जेवढा राग आला तेवढा कधी कुणा माणसाचा आला नाही.

दोन गोष्टी मात्र मला खटकत होत्या. एक म्हणजे ती रोज लिंबू मागायची. घरात नसलं तर बाजारातनं आणायला लावायची. मी म्हणायचे, “खोकल्याला आंबट? डोकं ठिकाणावर हाय का?” तर म्हणायची, “तोंडाला चव न्हाई गं.” पण जेवताना तिच्या ताटात मला लिंबू कधी दिसलं नाही. दुसरी गोष्ट म्हणजे कमरेची चुन्याची डबी. ज्या बाईनं जन्मभर तंबाखू खाणाऱ्यांना शिव्या घातल्या, तिनं म्हातारपणाच्या उंबऱ्यावर तंबाखू धरली. विचारलं तर म्हणाली, “दाढ ठणकती, म्हणून धरती.” मला वाटलं, असेल. दुखण्यानं माणूस काय काय करतं.

एकदा मी तिला बाजाराला जाऊ म्हणून रिक्षात बसवलं आणि सरकारी दवाखान्याच्या फाटकाशी उतरवलं. केसपेपरची रांग फाटकापर्यंत आलेली. आक्कानं रांग बघितली, माझ्याकडं बघितलं, आणि पदर डोक्यावरनं तोंडापर्यंत ओढला.

“हौशे, मिरजेची माणसं हिकडंच येत्यात औषधाला. कुणी बघितलं तर?”

“बघू दे की. खोकला हाय, चोरी न्हाई.”

“चोरी परवडली. चोरीनं सोयरीक मोडत न्हाई.”

वैजूसाठी तेव्हा मिरजेचं स्थळ आलं होतं. मुलगा छापखान्यात कामाला, घर स्वतःचं, माणसं देवभोळी. बोलणी जवळजवळ ठरलेली. छातीच्या दुखण्याचं नुसतं नाव निघालं तरी आमच्या गल्लीत लग्नं मोडलेली होती. मुलीला काही नसलं तरी आईचं दुखणं मुलीच्या पदरात बांधूनच लोक बघायचे. आक्का खोटं बोलत नव्हती.

ती पायीच घरी निघाली. दर खांबाशी थांबायची, खांबाला धरून खोकायची आणि पुन्हा चालायची. मी पाण्याची बाटली घेऊन मागनं. भर रस्त्यात मी रडत होते, आणि ती वळून खुणेनं मला गप बस म्हणत होती.

सुपारी फोडायला मिरजेची माणसं आली तो बाजार बंद असण्याचा दिवस होता. आम्ही दोघी सकाळीच डोक्यावरनं न्हालो होतो, धुतलेली लुगडी नेसलो होतो. अंगावर औषधाला म्हणून हळद नव्हती. हे मी मुद्दाम सांगते.

मुलाची आई कलावतीबाई आणि तिचा भाऊ सतरंजीवर बसले. आक्का समोर बसली. तिनं दाढेत लवंग धरली होती आणि ती नाकानं अगदी सावकाश श्वास घेत होती. बोलायचं सगळं मीच बोलत होते. आक्का मान हलवायची, हसायची, आणि मधेच तिच्या गळ्याची शीर ताठ व्हायची. मला दिसत होतं, ती खोकला दोन्ही हातांनी धरावा तसा धरून बसली आहे. डोळ्यांतनं पाणी गळायला लागलं तेव्हा कलावतीबाई म्हणाली, “लेक जाणार म्हणून वाईट वाटतंय विहीणबाईंना.”

“व्हय व्हय,” मी म्हटलं.

“आवाज बसलाय वाटतं?”

आक्का पुढं झुकली. “हळदीचा हो,” ती कशीबशी म्हणाली. “हंगामात...”

आणि फुटलाच तो. मी आयुष्यात तसलं खोकणं ऐकलेलं नाही. ती वाकत वाकत कपाळ गुडघ्याला टेकेपर्यंत खोकली. पदर तोंडावर दाबलेला. थांबली तेव्हा दाराशी वैजू चहाचे कप घेऊन उभी होती.

आक्कानं पदर खाली घेतला. त्यावर लाल डाग होता. कलावतीबाईची नजर त्या डागावर गेली आणि तिथंच राहिली.

आक्कानं कमरेची डबी काढून समोर ठेवली आणि हसून म्हणाली, “वाईट खोड हो विहीणबाई. तोंडात हळद, वर चुना. लाल हुतंच.”

“अगंबाई! मी घाबरलेच की.” कलावतीबाईनं सुस्कारा सोडला. “आमच्या सासूबाईबी खायच्या. सोडा म्हणते मी. पण हळदीचं भ्या न्हाई, हळदीनं बाधत न्हाई कुणाला.”

सुपारी फुटली. साखर वाटली. माणसं मिरजेच्या बसला गेली.

ती कोपऱ्यावर वळेपर्यंत मी दारात हात हलवत उभी होते. मग दार लावलं.

“डबी दे.”

“कशाला?”

“दे म्हटलं न्हवं.”

ती देईना. मी तिच्या कमरेची डबी ओढून घेतली. झाकण निघेना. उंबऱ्यावर आपटली तेव्हा निघालं. आत चुना वाळून दगड झाला होता, त्याला भेगा पडल्या होत्या. बोट लावल्याची खूण कुठं नव्हती.

“तू तंबाखू खातच न्हाईस.”

आक्का भिंतीला टेकून बसली. मी आत जाऊन लिंबू चिरलं, तिचा पदर ओढला आणि त्या डागावर अख्खी फोड पिळली. पिळताना मी कुठल्या कुठल्या देवांची नावं घेतली ते आता आठवत नाही. डाग ओला झाला, पसरला, आणि तपकिरी पडत गेला. मग काळपट. पिवळा कुठंच झाला नाही.

“आक्का, ह्ये रगात हाय.”

“ठावं हाय मला.”

“कवापास्नं?”

तिनं हातानं मागच्या बाजूला दाखवलं. न्हाणीच्या मागं एक फुटकी बादली पालथी पडली होती, ती मी उचलली. खाली धुऊन पिळून ठेवलेली फडकी होती, आणि त्यांच्याजवळ लिंबाच्या सालींचा ढीग. काही वाळून काळ्या झालेल्या, काही मऊ, वरची तर आजचीच. मी बाजारातनं आणलेली सगळी लिंबं तिथं होती.

मी परत आले तेव्हा ती माझ्याकडं न बघता म्हणाली, “रोज पिळती. म्हटलं, एखाद दिवशी तरी पिवळं हुईल.”

मी तिच्यासमोर मटकन बसले आणि लहान पोरीसारखी मोठ्यानं रडले. ही माझी बहीण. न्हाणीच्या मागं एकटी बसून फडक्यावर लिंबू पिळायची आणि वाट बघायची. आणि मी तिला वर बोलायचे, खोकल्याला आंबट कशाला म्हणून.

“उद्याच्या उद्या दवाखान्यात जायचं,” मी म्हटलं.

“लगीन हुं दे.”

“तवर ऱ्हाशील का?”

“न्हाई ऱ्हायले तर तू हाईस की.” ती थांबून थांबून बोलत होती, एकेक शब्द तिला दुखत होता. “हौशे, आपल्या आईचं इसरलीस? तिचाबी असाच आवाज बसलावता. घशात गाठ निघाली. डॉक्टरनं काय केलं? रोगाचं नाव सांगितलं आन घरी पाठवलं. नाव कळल्यावर ती जेवलीच न्हाई. मला नाव नगं ऐकायला. नाव न कळता मी वैजूच्या लग्नापतोर उभी ऱ्हाईन. कळलं की आडवी हुईन.”

आता मला कळलं. तिला वाटत होतं की तिला आईचाच रोग झालाय. ती मरायला निघाली होती आणि तिला फक्त वाटेत लेकीचं लग्न उरकायचं होतं.

“वैजूची शपथ घे. कुणाला सांगणार न्हाईस.”

“न्हाई घेणार.”

“हौशे, मग मी जीव देईन.”

“न्हाईतरी देतीयासच की! रोज थोडा थोडा!”

एवढ्या मोठ्या आवाजात मी तिच्यावर पहिल्यांदाच ओरडले. आणि मग आम्हा दोघींना दिसलं, आतल्या दाराशी वैजू उभी आहे. मघाचे उष्टे कप तिच्या हातात होते. तिनं ते खाली ठेवले, येऊन आईचा पदर हातात घेतला आणि तो काळपट डाग बघितला.

“तूच शिकवलंवतंस मला,” ती म्हणाली. “रगात लिंबाला भीक घालत न्हाई.”

“वैजू, बाळा...”

“आई, तू न्हाईस तर मला हळद लावायची न्हाई. कुणाच्याच हातनं न्हाई. उद्या तू दवाखान्यात चल, न्हाईतर मी मिरजेच्या बसमध्ये बसती आन कलावतीबाईंना सगळं सांगून येती.”

आक्कानं तिच्याकडं बघितलं. आयुष्यभर सगळ्यांवर ओरडलेली बाई, आणि आता ओरडायला तिच्याजवळ आवाजच नव्हता. तिनं वैजूच्या हातातनं पदर सोडवून घेतला, डाग आतल्या बाजूला येईल असा खोचला, आणि हातांनी डोकं धरून बसली. सकाळी मात्र न बोलता चपला घालून तीच आधी दारात उभी होती.

दवाखान्यातली डॉक्टरीण वयानं वैजूएवढीच वाटत होती. तोंडाला फडकं बांधलेलं, डोळे झोप न झालेले.

“खोकला कधीपासून?”

“ह्या हंगामापास्नं,” आक्का म्हणाली.

“गेल्या हंगामापास्नं,” मी म्हटलं. “आवाज गणपतीपास्नं गेलाय. संध्याकाळी ताप येतोय. गिळताना दुखतंय. अंगावरचं मांस गेलं. आन रगात पडतंय.”

डॉक्टरणीनं पेन खाली ठेवलं. “आणि तुम्ही आज येताय? खोकला दोन आठवड्यांच्या वर राहिला की दाखवायचं असतं. आवाज बसून उठला नाही की दाखवायचं असतं. रक्त दिसलं की त्याच दिवशी यायचं. काय करत होता एवढे दिवस?”

“हळदीत काम करतो आम्ही,” मी म्हटलं. दुसरं काय सांगणार? मला तिचा राग आला आणि तिचं एकही अक्षर खोटं नव्हतं.

तिनं फडक्यानं आक्काची जीभ धरून पुढं ओढली आणि लांब दांड्याचा छोटा आरसा घशात घातला. आक्का ओकारी दाबत बसून राहिली. छातीचा फोटो काढला. सकाळचा बेडका डबीत घालून द्यायला सांगितला. मोठ्या डॉक्टरांनी पुन्हा घसा बघितला, आतला तुकडा काढून तपासायला पाठवला.

निकालाची वाट बघण्याचे ते दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. आक्का भिंतीकडं तोंड करून पडून राहायची. तिचं ताट आणि तांब्या वेगळा केला होता, तोही तिनंच. मी जवळ गेले की हातानं लांब हो म्हणायची. एकदा तिनं मला खुणेनं बोलावलं आणि लांबनंच सांगितलं, “माझं हिरवं लुगडं वैजूला दे. नवं हाय.” मी तिथनं उठून न्हाणीत गेले आणि नळ सोडून रडले.

निकालाच्या दिवशी आम्ही तिघी गेलो. डॉक्टरीण कागद बघून म्हणाली, “टीबी आहे. फुप्फुसात आहे आणि घशातही उतरलाय.”

आक्कानं विचारलं, “आन त्ये दुसरं?”

“कुठलं दुसरं?”

“आमच्या आईला झालंवतं त्ये. गाठीचं.”

“गाठ नाही. तुकडा तपासलाय. कॅन्सर नाही.”

“मग ह्याला औषध हाय?”

“आहे की. गोळ्या आहेत. सरकारी आहेत, फुकट मिळतात. महिनोन् महिने घ्यायच्या, एक दिवस चुकवायचा नाही.”

आक्कानं पदर तोंडात कोंबला. खांदे हलत होते, आवाज येत नव्हता. मला वाटलं पुन्हा खोकला आला, पण ती रडत होती. “एवढंच हुतं व्हय?” ती म्हणाली. “एवढंच?”

“एवढंच नाही,” डॉक्टरीण म्हणाली, आणि आता तिचा आवाज मऊ झाला होता. “एक फुप्फुस बरंच खाल्लंय त्यानं. आणखी थोडे दिवस घरी बसला असता तर मला काही करता आलं नसतं. आताही मी फक्त जीव वाचवायचं बोलते. आवाजाचं वचन देत नाही.”

मिरजेला वैजूनंच कळवलं. आक्कानं हात जोडले तरी तिनं ऐकलं नाही. म्हणाली, औषधाचं लपवून मी त्या घरात रोज कशी जेवू? कलावतीबाईचा भाऊ येऊन चहा पिऊन गेला. पत्रिका पुन्हा एकदा दाखवली, जुळत नाही म्हणतात, असं त्यानं सांगितलं. तो गेल्यावर आक्का माझ्याकडं बघून म्हणाली, “मी म्हटलं न्हवतं?” तिचं म्हणणं खरं ठरलं होतं. मी तिच्या हातावर त्या दिवशीच्या गोळ्या ठेवल्या आणि ती गिळेपर्यंत समोर उभी राहिले.

त्या गोळ्या सोप्या नव्हत्या. ओकायची, अंगाला खाज सुटायची, सांधे धरायचे, आणि ‘नगं गं हौशे’ म्हणून माझे हात ढकलायची. मी भांडून, रडून, प्रसंगी तिच्या नावानं शिव्या घालून त्या तिच्या पोटात घातल्या. माझी आणि वैजूचीही छाती तपासली, ती साफ निघाली. वखारीत मी सगळ्या बायकांना छाती तपासून घ्या म्हणून सांगितलं तेव्हा शेठचं तोंड वाकडं झालं, पण गंगूमावशी दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रांगेत उभी राहिली. तिचा खरंच हळदीचा खोकला निघाला. ती आठवडाभर सगळ्यांना ते मिरवत सांगत होती.

आक्काचं अंग भरलं, ताप गेला, खोकला गेला. डॉक्टरणीनं औषध पुरं झालं म्हणून सांगितलं. आवाज तेवढा परत आला नाही. घशातल्या जखमा भरताना तिथं कातडं आखडलं, म्हणे. आमच्या आक्काला देवानं उरलेल्या जन्मासाठी नुसता वारा ठेवला.

पुढं वैजूला तासगावकडचं स्थळ आलं. बसल्या बसल्या आधी आम्ही दुखण्याचं सांगून टाकलं. मुलाचा बाप म्हणाला, “औषध पुरं केलं न्हवं? मग झालं.” एवढ्या साध्या माणसाच्या पाया पडावंसं मला वाटलं.

हळदीच्या दिवशी अंगणात मांडव होता. वाजंत्री अशी वाजत होती की कानाला हात लावूनच बोलावं लागत होतं. आक्का वडीलधाऱ्यांचे विडे लावत बसली होती. तेवढ्यात बायकांनी हाक मारली म्हणून तशीच उठून हळदीच्या वाटीत हात घातला. वैजू पाटावर बसलेली, गाल पुढं केलेला. आणि आक्काला ठसका लागला.

एकच. पदर तोंडाशी नेऊन ती खोकली आणि पदर खाली आला. पदरावर लाल डाग होता.

मांडवातल्या कुणाला काही कळलं नाही. कळलं ते आम्हा तिघींना. वैजूचा चेहरा हळदीखाली पांढरा पडलेला मला दिसला. आक्कानं त्या डागाकडं बघितलं, मग सावकाश वळली आणि घरात गेली. मी तिच्या मागं.

स्वयंपाकघरात तिनं लिंबू चिरलं. फोड हातात घेतली. तिच्यानं पिळवेना. तिनं फोड माझ्या हातात दिली, पदर दोन्ही हातांनी ताणून धरला आणि डोळे मिटून घेतले.

मी पिळली.

डाग ओला झाला. आधी काहीच झालं नाही. मग त्याची कड हलली. कडेनं पिवळं आत सरकलं, मधे आलं, आणि बघता बघता सगळा डाग हळदीचा पिवळा झाला. विड्याचा चुना आणि वाटीतली हळद, बाकी काही नव्हतं.

“आक्का, बघ.”

तिनं डोळे उघडले. बराच वेळ बघितलं, बोटानं चोळून बघितलं. मग तिचं तोंड उघडलं, गळ्याची शीर ताठ झाली, आणि सगळा जीव एकवटून तिनं अंगणाच्या दिशेनं हाक मारली. नुसता वारा आला. वैजू पाटावरनं अर्धी उठून दाराकडं बघत होती आणि मधे वाजंत्री वाजत होती.

मग मीच दारात गेले आणि वाजंत्रीच्या वरनं जाईल अशी ओरडले,

“वैजे, पिवळं हाय गं! पिवळं!”

वाजंत्री थांबली. मांडवातल्या सगळ्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या. हळद पिवळी असते हे काय ओरडून सांगायचं असतं?